यज्ञूमामाने नोकरी सोडली

यज्ञूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, यज्ञेश्वर पोतनीस. आमच्या आजोळी कोणी काय व्हायचं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पणजोबा सरकारी खजिन्यात, आजोबा खजिन्यात. आडनावच तिथून आलेलं. शिंदे सरकारचं राज्य, उज्जैनचं दफ्तर, आणि घरातला मुलगा शिकून झाला की त्याने जाऊन तिथे बसायचं. मामा मॅट्रिक झाला त्या वर्षी खजिन्यात जागा नव्हती, म्हणून आजोबांनी त्याला सायरच्या नाक्यावर चिकटवून दिला. सायर म्हणजे जकात. उज्जैनहून थोडं बाहेर पडलं की ग्वाल्हेरची हद्द संपून होळकरांची लागायची. तिथे माल अडवायचा, गठ्ठे उघडून बघायचे, पावती फाडायची, शिक्का मारायचा.

काम तो वाईट करत नव्हता. उलट नाक्यावर त्याचं नाव चांगलं होतं. पण संध्याकाळी घरी आला की बूट काढून ओसरीवर बसून राहायचा आणि आजीने दोनतीनदा हाक मारल्याशिवाय उठायचा नाही. आईने एकदा विचारलं तेव्हा तिला म्हणाला, "अक्का, दिवसभर दुसऱ्यांचा माल बघून राहिलो आहे. माझ्या हातून म्हणून काही निघतच नाही." आईला तेव्हा ते फारसं समजलं नाही. सरकारी नोकरीतल्या माणसाला अशी तक्रार असू शकते हेच तिला नवीन होतं.

नाक्यावरून भैरवगढचे छीपे, म्हणजे ठप्प्याने कापड छापणारे, जायचे, इंदूरच्या बाजाराला. बैलगाडीत छापलेल्या जाजमांचे, लुगड्यांचे गठ्ठे. एकदा मामाने असाच एक गठ्ठा उघडला आणि बांधायचाच विसरला. लाल आणि काळ्या रंगाचं जाजम होतं, कडेने वेल गेलेली, आणि कापडाला अजून नदीच्या पाण्याचा वास होता. मालाचा धनी इलाहीबक्ष नावाचा म्हातारा होत आलेला छीपा होता. बाबूजी इतका वेळ का बघतायत म्हणून तो आधी घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं, यात सरकारी काही नाही. म्हणाला, आवडत असेल तर येऊन बघा ना कधी, कसं करतो आम्ही ते.

त्या रविवारी मामा सायकल काढून भैरवगढला गेला. पुढच्या रविवारीही. मग ती सवयच झाली. क्षिप्रेच्या काठी कापड धुवायला पसरलेलं, चुलीवर तांब्याच्या मोठ्या हंड्यात रंग उकळतोय, आणि आत बुटक्या मेजावर वाकून इलाहीबक्ष लाकडी ठप्प्याने एकामागून एक बुटी उठवतोय. मामा बाजूला बसून राहायचा. काही महिन्यांनी इलाहीबक्षने त्याच्या हातात एक ठप्पा दिला आणि चिंधीवर मारून बघा म्हणाला. त्या दिवशी तो घरी आला तो न जेवताच बोलत सुटला. आजीला वाटलं, कुठे लॉटरी लागली की काय.

दरम्यान त्याचं लग्न झालं. सुनंदामामी धारची, मॅट्रिक झालेली, कमी बोलणारी. लग्नानंतर तो तिला एकदा भैरवगढला घेऊन गेला होता. इलाहीबक्षच्या बायकोने तिला बांगड्या भरल्या. परत येताना मामाने मामीला सांगितलं की माझं खरं काम हे आहे, नाका नाही. मामी म्हणाली, "मग एवढे दिवस तिकडे का जाता?" तिला नाका म्हणायचं होतं.

स्वातंत्र्य आलं आणि पुढच्याच वर्षी ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची लहान संस्थानं एक करून मध्यभारत झाला. मधल्या हद्दी गेल्या, तसे नाकेही उठले. सगळ्यांना हुकूम आला की दुसऱ्या खात्यात सामावून घेऊ. ज्याला नको असेल त्याने हिशेब घेऊन मोकळं व्हावं. नाक्यावर मामाच्या हाताखाली प्रभाकर दिघे म्हणून एक जण होता. त्याने लगेच अर्जी दिली आणि पुढे विक्रीकर खातं निघालं तेव्हा तिथे गेला. मामा मात्र अडून बसला. आजोबा गेलेले होते. आईने त्याला समजावलं, माझ्या वडिलांनी समजावलं, मोहल्ल्यातल्या लोकांनी घरी येऊन समजावलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की पोतनिसांचा मुलगा आता लुगडी छापणार का. मामा कोणाशी भांडला नाही. मला इतकी वर्षं जे जमत नव्हतं त्याचं दार सरकारनेच उघडून दिलं आहे, आत्ता गेलो नाही तर कधीच जाणार नाही, एवढंच तो म्हणत राहिला.

शेवटी त्याने मामीला विचारलं. मामी म्हणाली, घर चालेल, मी शाळेत विचारते. आणि तिने खरंच माधव नगरच्या मुलींच्या एका शाळेत जाऊन विचारलं. तोपर्यंत ती एकटी भाजी आणायलासुद्धा गेली नव्हती.

मामाने नोकरी सोडली. रोज सकाळी सायकलवर भैरवगढला जायचा तो दिवस कलल्यावर परत यायचा. आता तो बाबूजी राहिला नव्हता; इलाहीबक्ष त्याला बेटा म्हणायचा आणि तो त्यांना चाचा. कापड धुणं, सुकवणं, रंग उकळणं, सगळं करायचा. मग मेजावर बसला. मी तेव्हा लहान होते, पण त्या दिवसांतला मामा मला चांगला आठवतो, कारण तो हसायचा. आधीचा मामा हसायचा की नाही हे मला सांगता येणार नाही. त्याची नखं कायम लाल असायची आणि जेवताना आजी तोंड फिरवून बसायची. तो मला उचलून घ्यायचा आणि माझ्या फ्रॉकवर बोटं उमटायची. आई ओरडायची, तो आणखी हसायचा.

मामीसाठी त्याने एक लुगडं छापलं. ती ते नेसून शाळेत गेली. मुलींनी विचारलं की बाई, हे कुठून घेतलं, तर तिने अभिमानाने सांगितलं. महिन्याच्या शेवटी चाचा त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे. फार नसायचं, पण मामा ते आणून देवापुढे ठेवायचा आणि मग मामीकडे द्यायचा. अशी काही वर्षं गेली.

मग एका वर्षी दिवाळीनंतर, लग्नसराईचं काम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. मामा दुपारी नदीकडून कापड घेऊन येत होता. मागच्या आवारात काळ्या रंगाची मोठी नांद होती. एरवी तिकडे त्याचं जाणं व्हायचं नाही. ते काम चाचांचा जावई बघायचा. त्या दिवशी वाट चिखलाने अडली म्हणून तो मागून आला. जावई एकेक लुगडं नांदेत बुडवत होता. छापलेली, पूर्ण झालेली लुगडी. मामाने एक बघितलं. पदराकडे वेल जाताना किंचित खाली उतरलेली, आणि लालच्या आत काळा ठप्पा जिथे बसायला हवा तिथून केसभर सरकलेला. ते त्याचंच होतं. बाजूला ढीग होता, तोही त्याचाच. जावयाने त्याला बघितलं आणि हातातलं तसंच धरून उभा राहिला.

मामा आत गेला. चाचा मेजावर वाकले होते.

"चाचा, मेरा माल काले में क्यों डाल रहे हैं?"

चाचांनी ठप्पा खाली ठेवला. मग म्हणाले, सादा काला करके निकल जाता है, बेटा.

"कबसे?"

"शुरू से."

मामाने विचारलं, एखादं तरी तसंच गेलं असेल ना, छापलेलं. चाचांनी मान खाली घातली. दर महिन्याला हातावर जे पडायचं ते छपाईचं नव्हतं, चाचा पदरचं देत होते, हे मामाला तेव्हा कळलं.

"शौक तुम्हारे जितना मैंने अपने बेटों में भी नहीं देखा," चाचा म्हणाले. "पर हाथ में नहीं उतरा. पहले सोचा, उतर आएगा. फिर सोचा, नौकरी छोड़कर आया है, किस मुँह से कहूँ."

मामा त्यांच्या पाया पडला आणि निघाला. सायकलवर बसला नाही, ती हातात धरून चालत आला.

मामी शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि तिच्या ऐकण्यात काहीतरी असं होतं की तो मध्येच थांबला.

"तुला माहीत होतं?"

"मला दिसत होतं," मामी म्हणाली. "माझ्याच लुगड्यावर दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसायला लागला होतात."

हे मला मामीनेच सांगितलं, खूप वर्षांनी. ती म्हणाली, त्यावर ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, मोरीवर गेले आणि हात धूत बसले. रंग धुऊन जाणारा नव्हता हे त्यांना माहीत होतं, तरी धूत होते. मी त्यांना उठवून आणलं.

पुढे काय करायचं हे ठरवायला फार काही उरलं नव्हतं. प्रभाकर दिघे विक्रीकराच्या दफ्तरात आता वरच्या जागेवर होते. त्यांनी खटपट करून मामाला तिथे लावून घेतलं, पण नव्या माणसासारखं, सगळ्यात खाली. त्याच्या मागच्या नोकरीची वर्षं गेली ती गेलीच. दिघे भला माणूस. सगळ्यांसमोर ते मामाला पोतनीससाहेब म्हणायचे आणि त्याच्या टेबलापर्यंत स्वतः चालत यायचे. मामाला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

पण खरा त्रास वेगळा होता. तो एकदा माझ्या वडिलांशी बोलला होता, म्हणून आम्हाला कळलं. नाक्यावर असताना दिवस कितीही रटाळ गेला तरी त्याला वाटायचं, हे माझं काम नाही, माझं काम तिकडे आहे. त्या तिकडच्या जोरावर तो इकडे बसायचा. आता टेबलावर बसला की मनाला जायला जागाच नव्हती. कापड बघवत नव्हतं. देवास गेटच्या बाजारातून जायची वेळ आली तर तो लांबून वळसा घालून जायचा.

मामीचं मात्र उलटं झालं होतं. शाळेत तिच्यासारखी शिकवणारी दुसरी नव्हती. मुली तिच्या मागे घरापर्यंत यायच्या. नुसतं घर चालावं म्हणून धरलेलं काम तिला इतकं लागू पडलं होतं की सुटीच्या दिवशी ती अस्वस्थ असायची. मामाला याचं कौतुक होतं. तो लोकांना सांगायचा, आमच्या सुनंदाबाईंच्या वर्गात टाचणी पडलेली ऐकू येते. पण संध्याकाळी ती शाळेतलं काही सांगायला लागली की तो हं हं करत उठून अंगणात जायचा. हळूहळू तिने सांगणं कमी केलं.

छप्पन साली मध्यभारतही गेला. नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. दफ्तरंच्या दफ्तरं उचलून तिकडे चालली. मामाच्या नावाचा हुकूम आला. घर नेणार की एकटे जाणार, हे कळवायचं होतं. मामी म्हणाली, मी राजीनामा देते, तिकडे मिळेल काहीतरी. ती मनापासून म्हणाली, यात शंका नाही.

"नको," मामा म्हणाला. "तू इथेच राहा. एकाचं तरी जागेवर आहे ते राहू दे."

मामी नाही, नाही म्हणत राहिली. पण त्याने नको म्हटलं त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि ती त्याने बघितली. मामी मला हे सांगताना रडली होती. म्हणाली, जयू, मी ती लपवायला हवी होती. तेवढं एक मला जमलं नाही.

पहिलं वर्षभर तो दर पंधरवड्याला यायचा. मग महिन्याने, मग सणाला. घरात मूल नव्हतं, त्यामुळे ओढ अशी कशाची लागणार. भांडण कधीच झालं नाही. आला की दोघं नीट बोलायची, त्याच्या आवडीचं ती करायची, आणि सोमवारी पहाटेची गाडी तो कधी चुकवत नसे.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात आई मला घेऊन भोपाळला गेली. मामा ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आणखी दोन कारकुनांबरोबर एका खोलीत राहत होता. ते दोघे सुटीवर गेले होते. त्याने आमच्यासाठी चहा केला, तलाव दाखवायला नेलं. तिथे बसल्यावर आईने इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं की बाबा रे, आता सदतीस वर्षांचा झालास, अजून उशीर झालेला नाही. तुला नक्की काय करावंसं वाटतं ते तरी सांग, आपण काही बघू.

मामा पाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं, तो ऐकतच नाही. पण तो खरोखर विचार करत होता. प्रश्नाचं उत्तर शोधताना माणूस दिसतो तसा दिसत होता.

"अक्का, मी रोज विचारतो," तो म्हणाला. "काही उत्तर येत नाही."

आईने विषय बदलला. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला गाडीवर बसवायला आला, खिडकीपाशी जागा धरून दिली, सुरईत पाणी भरून आणलं. गाडी सुटल्यावर सीहोरपर्यंत आई ती सुरई मांडीवर धरून बसली होती. मग पदर तोंडाशी धरून रडायला लागली, आणि शेजारच्या बाईने विचारलं की कोण गेलं, तर तिला काय सांगावं ते आईला कळेना.