ताईंची कच्ची प्रत

मी आजवर एकशे चाळीस यशस्वी माणसांच्या मुलाखती घेतल्या आहेत. कुलपं बनवणारे, बिस्किटवाले, ट्रकांचे ताफे बाळगणारे, एक तर नुसती बटणं विकून मोठा झालेला. प्रत्येकाला शेवटी विचारतो, नेतृत्व म्हणजे काय? त्यातल्या निदान शंभर जणांनी एकच उत्तर दिलं आहे. यश आलं की श्रेय माणसांना द्यावं आणि चूक झाली की ती आपल्या अंगावर घ्यावी. हे वाक्य मी इतक्या वेळा छापलं आहे, की झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन. ते करून दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. शेवट बरा झाला म्हणून आज हे हसत सांगतोय, नाहीतर तोंडातून अवाक्षर काढलं नसतं.

पण ही गोष्ट माझी नाही, ताईंची आहे.

ताई आमच्या मासिकात टायपिंग करतात. एकोणीस वर्षं झाली. त्यांचं टेबल दोन कपाटांच्या मधल्या फटीत आहे. तिथून खिडकी दिसते आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीचा जिना दिसतो. मी मुलाखत रेकॉर्ड करून आणायची आणि ताईंनी ती कानाला हेडफोन लावून ऐकत उतरवायची. टेबलाखाली एक पायपट्टी आहे. ती दाबली की रेकॉर्डिंग चार सेकंद मागे जातं. ताईंची डावी चप्पल उजवीच्या आधी झिजते ती त्यामुळे. हेडफोनचा स्पंज केव्हाच उडाला. त्यावर त्यांनी नवऱ्याच्या जुन्या मोज्यांची आवरणं शिवून चढवली आहेत. 'धुतलेत हो,' असं त्या नव्या माणसाला आपणहून सांगतात.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली. प्रत्येक मुलाखतीच्या त्या दोन प्रती करतात. कच्ची आणि पक्की. कच्चीत सगळं येतं. खोकला, शिंक, मध्येच आलेला फोन, ड्रायव्हरवर काढलेला राग, अर्ध्यात सोडलेलं वाक्य, सगळं. पक्कीत मी ठरवलेलं तेवढंच राहतं. पक्की छापली जाते, कच्ची ताईंच्या खणात जाते. पक्कीत आमचे सगळे उद्योजक संत असतात. कच्चीत ती माणसं असतात, आणि ताईंना ती तशीच ठाऊक असतात.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "ताई, इतकी मोठी माणसं ऐकलीत. काय शिकलात?"

"सगळे पहाटे चारला उठतात," ताई म्हणाल्या. "आमचा दूधवालाही चारलाच उठतो. त्याची मुलाखत कधी घेताय?"

त्यांचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेल्यामुळे त्याला कमी ऐकू येतं, आणि त्यामुळे तो फार मोठ्याने बोलतो. "दिवसभर कानात यशस्वी माणसं, संध्याकाळी कानाशी नवरा," असं ताई म्हणायच्या. ताईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि घरात ठरलेला पगार येत होता तो त्यांचाच. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच पुढे जे केलं त्याची जास्त लाज वाटते.

तर पंपवाले. वय अठ्ठ्याहत्तर, पाण्याच्या पंपांचा मोठा कारखाना, आणि आमच्या मासिकाच्या शेवटच्या पानावर बारा वर्षं सलग त्यांचीच जाहिरात. त्यांचा एक किस्सा धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. एकदा चारशे पंप गळतात म्हणून परत आले. पंपवाल्यांनी चौकशी केली, आतल्या वॉशरचं माप चुकलेलं निघालं, आणि त्यांनी आपल्या सगळ्यात जुन्या फोरमनला, स्वतःच्या उजव्या हाताला, त्याच दिवशी कामावरून काढलं. का? तर गुणवत्तेपुढे नातंगोतं नाही. हा किस्सा व्यवस्थापन शिकवणारे मास्तर वर्गात सांगतात. मी स्वतः दोनदा छापलेला आहे.

या वेळीही त्यांनी तो सांगितला, मान हलवत मी रेकॉर्ड केला. मग त्यांच्या बायकोचा फोन आला. गुडघ्याला तेल लावलं का, वगैरे. फोन ठेवून ते म्हणाले, "हे मात्र छापू नका." आणि मग म्हणाले, की वॉशरचं माप त्या फोरमनने बदललंच नव्हतं. पंपाच्या नकाशावर तीन मिलिमीटर होतं, ते आपणच खोडून अडीच केलं होतं. ते लक्षात आलं तेव्हा फोरमनला सगळ्या कामगारांसमोर बोलून झालं होतं.  तो डबा उचलून निघून गेला. आपण त्याला परत बोलवायला हवं होतं, पण तोवर आपलं फार कौतुक सुरू झालं होतं.

छापू नका म्हटलं म्हणजे छापायचं नाही. ताईंनी नेहमीप्रमाणे दोन प्रती केल्या, दोन्ही संगणकावर ठेवल्या. पानं लावणाऱ्याने मला फोन करून विचारलं, "कुठली घेऊ?" मी घाईत होतो. "वरची घे," म्हणालो. वरची कच्ची होती. बरं, पुढे आणखी एक चाळणी असते. लावलेलं पान छापायला जाण्याआधी मी वाचून त्यावर सही करतो. ती सही मी खाली रस्त्यावर, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून केली. एक ओळ वाचली नाही. मला एका कॉलेजात भाषणाला जायचं होतं. विषय होता, 'बारकाव्यांकडे लक्ष : यशाची पहिली पायरी'. टाळ्या बऱ्याच पडल्या.

अंक बाजारात गेला. त्यात फोरमनचा तो प्रसिद्ध किस्सा छापला होता, त्याच्याखाली गुडघ्याचं तेल छापलं होतं, त्याच्याखाली 'हे मात्र छापू नका' हे छापलं होतं, आणि त्याच्याखाली जे छापायचं नव्हतं ते सगळं.

दुसऱ्याच सकाळी आमच्या मासिकाच्या मालकांना पंपवाल्यांच्या कार्यालयातून फोन आला. साहेब उद्या दुपारी स्वतः येत आहेत. एवढंच. मालकांची पाचावर धारण बसली आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना मोठ्या टेबलाशी उभं केलं.

"कोणाचं काम हे?"

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कच्ची प्रत माझ्या टेबलावरून गेली."

वाक्य खरं होतं. फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं माझं होतं आणि त्यासाठी ताईंनी जागा ठेवली होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून पंखा बघत राहिलो. पानं लावणारा एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा बुटांकडे.

"एकोणीस वर्षं झाली म्हणून काही बोलत नाही मी," मालक म्हणाले आणि मग दहा मिनिटं बोलले. शेवट असा, "उद्या ते काय म्हणतात त्यावर तुमचं ठरेल. जाहिरात गेली, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

"बरं," ताई म्हणाल्या आणि जाऊन हेडफोन लावले.

त्या दिवशी मी तीनदा मालकांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते जेवत होते. तिसऱ्यांदा ते नुसते बसले होते, तेव्हा मी त्यांना कागदाचा गठ्ठा संपत आल्याचं सांगून परत आलो. काय माणूस आहे मी! ताईंशी बोलायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्यावरच चिडलो. कशाला घेतलं अंगावर? कोणी सांगितलं होतं? चोराच्या उलट्या बोंबा, त्याही मनातल्या मनात. घरी बायकोने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर आल्या. त्यांच्या खुर्चीवर एक निळी उशी असते, पाठीसाठी. दुपारी मी सहज त्यांच्या टेबलाजवळून गेलो, तर उशी खुर्चीवर नव्हती. ती त्यांच्या पिशवीत होती. हेडफोनची वायर गुंडाळून रबराने बांधलेली. पेनांचा डबा रिकामा. ताई उशीशिवाय, नुसत्या लाकडी खुर्चीवर ताठ बसून पुढची मुलाखत उतरवत होत्या, त्यासाठी कार्यालयाचे जुने हेडफोन घेतले होते.  काय होणार ते ताईंनी गृहीतच धरलं होतं.

तेवढ्यात पंपवाले आले. हातात काठी, काखेत आमचा अंक. मालक खुर्ची पुढे करत होते, पण ते बसले नाहीत. त्यांनी अंक टेबलावर ठेवला आणि मालकांनी आदल्या दिवशी विचारलेलाच प्रश्न विचारला.

"कोणाचं काम हे?"

ताई उठल्या. "कच्ची प्रत माझ्या टेबलावरून—"

"चूक माझी आहे," मी म्हणालो. आवाज असा फाटला, की मलाच ओळखू आला नाही. "ताईंनी दोन्ही प्रती बरोबर दिल्या होत्या. चुकीची मी उचलायला सांगितली. पान न वाचता सहीही मीच केली. काल हे विचारलं होतं, तेव्हा मी गप्प बसलो. ताईंचा यात काही संबंध नाही."

मालकांचं तोंड उघडं राहिलं. पंपवाले माझ्याकडे वळले.

"काल विचारलं होतं?"

"हो. काल सकाळी."

"म्हणजे दीड दिवस," पंपवाले म्हणाले. "बरं आहे तुमचं. मला सव्वीस वर्षं लागली. तीही तुमच्या चुकीने."

आणि ते खाली बसले. बसताना गुडघा धरून हसले, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की हा माणूस भांडायला आलेलाच नाही.

झालं होतं असं. अंक त्या फोरमनच्या मुलीच्या हाती पडला. तिने तो वडिलांना वाचून दाखवला. वडिलांनी ऐकून घेतलं, चष्मा लावला, स्वतः पुन्हा वाचलं, आणि पंपवाल्यांना फोन लावला. सव्वीस वर्षांनी. पंपवाल्यांनी 'हॅलो' म्हटलं, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "वॉशर तीनचाच होता ना?"

"मी म्हटलं, हो बाबा, तीनचाच. अडीच मी केला," पंपवाले सांगत होते. "तो म्हणाला, मला तेव्हाच माहीत होतं. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून कधीकधी वाटायचं, आपणच तर केला नसेल? बायकोलाही त्याने कधी छातीठोक सांगितलं नव्हतं." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसायचं निमित्त केलं. "तासभर बोललो आम्ही. रविवारी जेवायला बोलावलंय त्याने. मी नाही, त्याने."

मालकांनी इतका मोठा निःश्वास सोडला, की टेबलावरची पावती उडाली. आमच्या सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. पंपवाल्यांची एकच तक्रार होती. "छापू नका म्हटलेलं छापता ते छापता, पण गुडघ्याचं तेल कशाला? आमची ही दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी. सगळ्या नातेवाइकांनी फोन करून तेलाचं नाव विचारलं तिला." जाहिरातीचा विषयच निघाला नाही. जाताना ते ताईंच्या टेबलाशी थांबले. "तुम्ही खोकलासुद्धा लिहिता?"

"तीन वेळा खोकलात," ताई म्हणाल्या. "फोरमनचं सांगताना एकदाही नाही."

ते गेल्यावर मालक मला आत घेऊन गेले. काय बोलले ते सांगत नाही, पण सगळं योग्य होतं. बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं, की शिव्या खाऊन आलोय असं कोणाला वाटलं नसतं. ताई पिशवीतून उशी काढून खुर्चीवर लावत होत्या.

"ताई, रागावलात?"

"रागावले तर!" त्या म्हणाल्या. "रागावणार नाही तर काय? दीड दिवस वाट बघितली तुमची. रात्री जेवण गेलं नाही मला. नवरा विचारतोय काय झालं, आणि त्याला सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगण्यासारखं."

"चुकलो मी. खरंच चुकलो. पण तुम्ही सांगितलं का नाहीत मालकांना?"

त्यांनी कीबोर्ड उचलला. खाली एक घडी घातलेला कागद होता. राजीनामा, टाइप करून, सही करून तयार. तारीख आजची. मी उभ्याउभ्या वाचला. तीनच ओळी होत्या. 'घरगुती अडचणीमुळे मला काम सोडावे लागत आहे.'

"घरी काही अडचण आहे?"

"काही नाही. नवरा ठणठणीत आहे."

"मग हे का लिहिलंत?"

ताईंनी कागद माझ्या हातातून घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही पुढची मुलाखत कुठल्या तोंडाने घेतली असती? शेवटचा प्रश्न विचारताना अडखळला असतात. आणि ते मलाच उतरवावं लागलं असतं ना."

मग त्यांनी आपले मोज्यांचे हेडफोन सोडवून कानाला लावले आणि पाय पट्टीवर ठेवला. मी तिथेच उभा होतो. "जा आता," त्या म्हणाल्या, "काम करू द्या."