कोरं कॅलेंडर आणि वाकडी शिलाई

"गोळ्या हळूहळू बंद करू या," असं म्हणून डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. माझ्या हातात माझाच नवा ब्लाउज होता आणि माझं डोकं फिरलं होतं.

ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मुरबाडला आमच्या संस्थेचा महिन्यातून एकदा फिट्सचा कॅम्प असायचा. फिट म्हणजे आकडी. डॉक्टर मुंबईहून यायचे, मी सिस्टर. प्रत्येक पेशंटला आम्ही एक कॅलेंडर द्यायचो. फिट आली की त्या तारखेवर कपाळाला लावायची टिकली चिकटवायची. लिहिता न येणाऱ्यांनाही जमावं म्हणून काढलेली ही माझी आयडिया, आणि मला तिचा भारी अभिमान होता. दोन वर्षांत एकही टिकली नसली, तर डॉक्टर गोळ्या कमी करायचा विचार करायचे.

वैशाखरे गावच्या मनीषाचं कॅलेंडर दोन वर्षं कोरं होतं. ती ब्लाउज शिवायची. गोळ्या बंद करा, हे तिचंच मागणं.

"गोळ्यांनी झापड येते, सर. शिलाई वाकडी जाते. चौदा एप्रिलच्या जयंतीचे पांढरे ब्लाउज सगल्या बाया माज्याकडंच शिवायच्या. यंदा चौघीच आल्या. बाकीच्या धसईच्या शिंप्याकडं गेल्या. असाच हात गेला तर मशीन इकायची काय?"

तिचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं. पण आदल्या कॅम्पला मीही तिला कापड दिलं होतं, आणि ब्लाउजची शिलाई बघून मला रागही आला होता. बोलणार तेवढ्यात मी तो उलटा केला.

काखेपासून कमरेपर्यंतची शिलाई पट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ होती. मध्येच ती कापडात घुसून बोटभर भरकटली होती, आणि पुढे पुन्हा सरळ. झापडलेला माणूस सगळीकडेच वेडंवाकडं शिवतो. ही एकाच जागी कशी गेली?

"इथं काय झालं गं?"

"काय म्हाईत. मशीन थांबली तवा बघितलं. उसवायचं राहिलं, सिस्टर."

सोबत तिची जाऊ वंदना होती. मी तिला विचारलं.

"ती करते कदी कदी तसं," वंदना म्हणाली. "पाय चालू, आन हात थांबतात. ओठ चाटत बसते. हाक मारली तरी वळत नाय. मंग आमालाच इचारते, काय झालं?"

"अगं, मग टिकली का नाही लावली?"

"ती काय फिट हाय? पडत नाय, फेस नाय!"

मनीषा तिच्याकडे बघतच राहिली. "मी असं करते?"

चूक माझीच होती. फिट आली की टिकली लावा, एवढंच मी सांगितलं होतं. फिट म्हणजे काय, ते सांगितलंच नव्हतं. शुद्ध हरपते पण माणूस पडत नाही, अशीही एक फिट असते. जिला येते तिला पत्ताच नसतो.

"सिस्टर, आता ब्लाउज बघून ट्रीटमेंट ठरवायची का?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही कोरा कागद बघून ठरवताय, सर. गोळ्या बंद केल्या आणि चुलीपुढे हात थांबले तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग ब्लाउज हातात घेतला, उलटसुलट केला आणि पेनाचं टोपण लावलं. "एक महिना. गोळ्या आहेत तशाच."

मी दोन कॅलेंडरं दिली. एक मनीषाला, एक वंदनाला. एकमेकींचं बघायचं नाही, अशी तंबी दिली.

पुढच्या कॅम्पला दोन्ही टेबलावर ठेवली. मनीषाचं कोरं. वंदनाच्या कॅलेंडरवर लाल टिकल्या. डॉक्टरांनी बोट ठेवून मोजल्या. अकरा.

मनीषा रडायला लागली. "मंग गोळ्या बंद नाय?"

"बंद नाही, बदलू," डॉक्टर म्हणाले. "झापडही कमी होईल."

नवीन औषधाचा जम बसायला चार-पाच महिने गेले. वंदनाच्या टिकल्या अकराच्या सहा झाल्या, मग दोन, मग एकही नाही. मी सोबत आलेल्या प्रत्येक माणसाला खोदून विचारायला लागले, आणि आणखी चार कोऱ्या कॅलेंडरांवर टिकल्या आल्या. रजिस्टरमध्ये डॉक्टरांनी स्वतः पट्टीने रेघ मारून एक नवा रकाना पाडला: 'कोणी पाहिलं?'

पुढच्या जयंतीआधीच्या कॅम्पला मनीषा आली ती भलीमोठी पिशवी घेऊन. वाटेत पोचवायचे पांढरे ब्लाउज होते. धसईला गेलेल्या सगळ्या परत आल्या होत्या. तिने एक काढून माझ्यापुढे टाकला.

"बघा, सिस्टर. उलटा करून बघा."

मी केला. काखेपासून कमरेपर्यंत बोट फिरवलं. कुठेच अडलं नाही. मला इतका आनंद झाला की तो ब्लाउज मी रांगेतल्या पेशंटांनाही दाखवत सुटले.

घोरणाऱ्याला 'रात्री किती घोरलास' असं आपण कधी विचारत नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारतो. एवढी साधी गोष्ट कळायला माझा एक ब्लाउज वाया गेला. तो अजून माझ्या कपाटात आहे, तसाच, न उसवता.