काळा आलेला पळस

रझाकारांच्या दिवसांत आई मला घेऊन गावाहून निघाली, तेव्हा मागे आमची कडब्याची गंज पेटली होती. वडील हैदराबादला सरकारी नोकरीत. त्यांच्या नारायणगुड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही आलो ते राहिलोच. पुढे पोलीस ॲक्शन झाली, काका-काकू गावी परतून शेत कसू लागले, तरी आई जायचं नाव घेईना. "नक्को मला. तिथं राख आहे नुसती," म्हणायची आणि भांडी आपटायची. शेवटी मीही तिचीच मुलगी. वडिलांचा बॉक्स कॅमेरा घेतला आणि फाल्गुनात गाव गाठलं. म्हटलं, फोटोशी तरी ती कशी भांडते बघू.

बैलगाडी खिंडीतून दरीत उतरली आणि मी गाडीतच उभी राहिले. समोरचा अख्खा डोंगर केशरी! पळसाला पान म्हणून नव्हतं, नुसती फुलं. खडकांवर लाल धायटी, बांधाला रिंगणीची जांभळी फुलं. लहानपणी हे सगळं रोज पाहिलं होतं, पण तेव्हा बहुधा मला डोळे नव्हते. कॅमेरा हातात असून कितीतरी वेळ बटण दाबायचंच सुचलं नाही.

खाली खळ्यावर मळणी चालली होती. मी तशीच धावले, तर काका ओरडले, "आधी चपला काढ! खळं आहे ते." अनवाणी पायांखाली ज्वारी ऊन ऊन लागली. काकू पाटीतून ज्वारी उफणत होती. दाणे तिच्या पायाशी पडत आणि भूस उन्हात चमकत वाऱ्यावर जाई. आपण या घरच्या, हे मला खरंच वाटेना.

हैदराबादला परतल्यावर सुलतान बाजारातून फोटो धुऊन आणले. आईने वरचाच, डोंगराचा फोटो खिडकीपाशी नेला. "सांगत नव्हते? झाडंसुद्धा जाळली मेल्यांनी." मी पाहिलं. निष्पर्ण फांद्या आणि त्यांवर काळे कोळसे! बाकीचे फोटो तिने हातात घेतलेच नाहीत. मी तडक फोटोवाल्याकडे गेले. तो हसला. "बीबी, इस फिल्म में लाल रंग काला इच आता." आईला ते पटलं नाही. मी रडकुंडीला आले.

मग आठवलं, रंगपंचमीसाठी काकूने पळसाच्या फुलांची पुरचुंडी दिली होती. ती गरम पाण्यात भिजत घातली आणि पातेलं आईपुढे ठेवलं. पाणी हळूहळू केशरी होत गेलं. आईने वाकून वास घेतला. कापसाचा बोळा त्यात बुडवला आणि फोटोवरच्या फांद्यांना लावू लागली. काळ्यावर केशरी उमटेना, भोवतालचं आभाळ मात्र केशरी झालं. ती लावतच राहिली.

मग पदराला हात पुसून तिने बाकीचे फोटो मागितले. खळ्याचा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ही धाकटी अजून पाटी खालीच धरते. अशानं भूस उडेल का?" ती चिडून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मळणी आटपली नसेल ना गं अजून?"