गुळाच्या थप्पीआडचा अल्बम

गुळाच्या गोदामात मुंग्या आणि किस्से, दोन्ही न बोलावता येतात. मुंग्यांना निदान हळद टाकून हटवता येतं! गेल्या वर्षी शाहूपुरीतल्या माझ्या गोदामात एका रॉक बँडनं अल्बम केला. तेव्हापासून माझ्याकडं गूळ घेणारे कमी आणि किस्से ऐकणारे जास्त.

बँड तिघांचा. प्रसाद गातो, गिटार वाजवतो. रेश्मा ड्रमवर, ओंकार बेसवर. प्रसाद गडमुडशिंगीचा, घरी म्हशी. त्याच्या वडिलांनी, आबांनी बजावलं होतं, "एक अल्बम कर. कुणी इचारलं न्हाय तर गिटार माळ्यावर आन् तू गोठ्यात. कबूल?"

प्रसादनं कबूल केलं होतं.

*

जागा बघायला आले तेव्हा रेश्मानं पोत्यांच्या थप्पीसमोर टाळी वाजवली. आवाज तिथंच जिरला. पोरगी खूश!

"अण्णा, यासाठी लोक भिंतींना फोम लावत्यात. तुमच्याकडं गूळ हाय की!"

बाजार बंद असेल त्या दुपारी रेकॉर्डिंग. एक माइक आणि माझा जुना टेपरेकॉर्डर. मी म्हटलं, "आवाज खरखरीत येईल."

"तसाच पायजे. लो-फाय म्हणत्यात."

"म्हणजे?"

"कारखान्याची साखर न्हवं अण्णा, गुऱ्हाळातला गूळ!"

मला शाळेत ही मास्तरीण असती तर मी मॅट्रिक झालो असतो!

*

दुसरं गाणं ऐन रंगात आणि दारात निपाणीचे पावणे. सवयीनं मी ओरडलो, "चहा सांगा रे, साखरेचा!"

टेपात गेलं. मी हात जोडले, पण रेश्मा ते काढायला तयार होईना. पुढं एका समीक्षकानं लिहिलं, 'बाजाराची कलेतली घुसखोरी.' आता पुण्यात कार्यक्रम असला की त्या जागी अख्खं पब्लिक ओरडतं, "चहा सांगा रे, साखरेचा!"

तीस वर्षं गूळ विकतोय. साखरेचा चहा पितो, हे घरच्यांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं!

*

पहिलं परीक्षण वाईट आलं. 'पोत्यात बसून रेकॉर्ड केल्यासारखा आवाज.'

प्रसादचा चेहरा उतरला. वर आबांचा फोन, "माळा झाडून ठिवलाय."

रेश्मा मात्र परीक्षण पुन्हा वाचून म्हणाली, "पोत्यात न्हाय, पोत्यावर. बाकी माणसाला कान हायत!"

*

मग मुंबईच्या एका मोठ्या समीक्षकानं लिहिलं. पहिली गाणी कोंडलेली, मग हळूहळू मोकळी, शेवटचं तर रिकाम्या दालनासारखं घुमणारं. 'घुसमटीकडून मोकळेपणाकडे, विचारपूर्वक आखलेला प्रवास!'

ओंकारनं डोकं खाजवलं. "अण्णा, हे आपण कधी आखलं?"

"मी आखलं," मी म्हटलं. "दर चढला, माल काढला."

पहिल्या गाण्याला गोदाम छतापर्यंत भरलेलं, शेवटच्याला नुसत्या भिंती. पण त्या लेखानं पोरांना पुण्याहून, बंगळुरूहून बोलावणी आली. आयुष्यभर गूळ विकला, पण त्यातून कधी सूर निघाला नव्हता. पोरं माझे उपकार मानतात, मी त्यांचे मानतो.

*

शेवटच्या गाण्याच्या शेवटी एक 'ठण्ण' आहे. शाहूपुरीतला दुधाचा रतीब उरकून आबा शटरबाहेर ऐकत उभे राहिलेले. गाणं संपलं असं वाटून त्यांनी रिकामी किटली खाली ठेवली, ती टेपात आली. प्रसाद पुन्हा घेऊ म्हणाला, बाकी दोघांनी घेऊ दिलं नाही.

मुंबईच्या त्याच समीक्षकानं लिहिलं होतं, 'तो एक ठोका ऐकण्यासाठी मी अल्बम पुन्हा लावतो.' मी आबांना दुकानात बसवून वाचून दाखवलं.

"परत वाचा," आबा म्हणाले.

परत वाचलं. आबा किटली उचलून गेले.

पुढं बाजार बंद होता त्या दुपारी पोरं गोदामातलं सामान न्यायला आली. बोलावणी आलेली, पण माळ्याचं काय, ते आबा सांगेनात आणि विचारायची प्रसादची छाती होईना. तो गिटार पिशवीत भरत होता. तेवढ्यात शटरखालून वाकून आबा गोदामात आले, पहिल्यांदाच. हातात किटली. त्यांनी माइककडं बघितलं, मग रेश्माकडं.

"ह्या खेपेला कुठं ठिवू? रिकामीच आणलीया. भरल्याली वाजत न्हाय."