केवळरामचा आवाज

केवळराम सोनकुसरे आयुष्यभर बाप झाला आणि आयुष्यभर मेला. झाडीपट्टीच्या नाटकात बाप शेवटच्या अंकात मरतोच. आमच्या आंधळगावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या रातभरच्या नाटकाला, केवळराम मरणार म्हटलं, की बाया पदर सावरूनच बसायच्या. दिसायला तो काहीच नव्हता. किडकिडीत, पुढचे दात पडलेले. पण आवाज! "पोरी, दार लावून घे," एवढंच म्हणायचा आणि मागचे दारुडेसुद्धा चिडीचूप व्हायचे. मी त्याच कंपनीत पेटी वाजवायचो. वाक्य पाठ असूनही मला दरवेळी भरून यायचं.

आमच्याकडे तालमींचे लाड नसतात. प्रॉम्प्टर स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून वाक्य पुरवतो, नट ते उचलतो आणि त्यात जीव ओततो. केवळरामला वाक्यं पुरवायचा श्रावण. वर्षानुवर्षं भोंग्यांशेजारी उभं राहून केवळरामचे कान गेले. मशीन लावली, तर ती माइकजवळ शिट्टी मारायची. कंपनीच्या मालकाला कळलं असतं, तर त्याने लगेच दुसरा बाप उभा केला असता, माणूसच तसला. म्हणून श्रावण तोंड मोठं उघडून वाक्यं पुरवू लागला आणि केवळराम ती त्याच्या ओठांवरून उचलू लागला. त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. लोक रडताना दिसायचे, तेवढ्यावर त्याचं भागायचं.

मग नागपूरकडे एका मालिकेचं शूटिंग लागलं आणि कोणीतरी त्याचं नाव सुचवलं. काम एकाच भागाचं, पुन्हा बापाचं, पुन्हा मरायचंच. केवळराम श्रावणला सोबत घेऊन गेला आणि त्याला कॅमेऱ्याच्या पायाशी मांडी घालून बसवलं. आपला प्रॉम्प्टर घेऊन आलेला नट त्या लोकांनी जन्मात पाहिला नसेल. हसले मेले. हसले तेही चाललं असतं, पण केवळराम सवयीने शेवटच्या रांगेसाठी बोलला. साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून आपटले. म्हणाला, "चेहरा ठीक है, आवाज किसी और की डाल देंगे."

केवळरामला त्यातलं काही कळलं नाही. श्रावणने मात्र सगळं ऐकलं. परतीच्या एसटीत केवळराम खुशीत होता आणि श्रावण खिडकीबाहेर बघत बसला. गावी आल्यावर त्याने ते फक्त मला आणि केवळरामच्या बायकोला, पंचफुलावहिनीला, सांगितलं.

"सांगू नोका जी त्याईले," वहिनी म्हणाली. "त्याईच्यापाशी दुसरं हाये काय?"

आम्ही ते पोटात ठेवलं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी अख्खा मोहल्ला केवळरामच्या अंगणात जमला. टीव्ही बाहेर टेबलावर मांडला होता. पडद्यावर केवळराम दिसताच पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग त्याने तोंड उघडलं आणि त्यातून कुण्या शहरी माणसाचा गुळगुळीत आवाज आला. त्या परक्या आवाजात आमचा केवळराम मेला, आणि एकाही बाईने पदर डोळ्याला लावला नाही. कोणी जमिनीकडे बघत होतं, कोणी चपला शोधत होतं. मला तर त्या टीव्हीवर दगड घालावासा वाटला.

केवळराम टीव्हीकडे पाहतच नव्हता. तो टीव्हीला पाठ करून आमच्याकडे पाहत होता. सगळ्या जन्मात त्याने प्रेक्षकांचे चेहरेच तर पाहिले होते.

लोक पांगल्यावर त्याने वहिनीला विचारलं, "आवाज कसा आला व माहा?"

ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तोंड मोठं उघडून म्हणाली, "तुमचाच आला जी. लय मस्त आला."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "राहू दे," म्हणाला. "तुले नाटक करता येत नाही."

दिवाळी झाली, मंडयांचा हंगाम आला. कंपनीने 'टीव्ही स्टार' छापलेली पोस्टरं थेट कारध्याच्या पुलापर्यंत चिकटवली. केवळराम घराबाहेर पडला नाही. श्रावण अजूनही त्याच्याकडे जातो, समोर बसून जुन्या नाटकांतली वाक्यं पुरवत राहतो. केवळराम त्याच्या ओठांकडे बघतो. कळतं त्याला सगळं. पण त्या संध्याकाळनंतर त्याचा आवाज आम्ही कोणीच ऐकलेला नाही, वहिनीनेही नाही.