दादाला आधी कळलं होतं

चिमी विद्यापीठात नेमकं काय शिकते हे तिच्या आईला कुणाला धड सांगता आलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती म्हणायची, "बोलायला शिकतेय." आणि मग स्वतःच हसायची. "घरात हिच्यापुढे कुणाला तोंड उघडायला मिळत नाही, आणि ही बोलायला शिकायला गेलीय."

विषयाचं नाव ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन. कारखाना, बँक, इस्पितळ, कचेरी, जिथे म्हणून माणसं एका छपराखाली राबतात तिथे वरचं बोलणं खाली कसं पोचतं, खालचं वर का पोचत नाही, आणि मधल्या मध्ये काय गळून जातं, त्याचा अभ्यास. पहिल्याच तासाला सरांनी सांगून टाकलं होतं, "इथून कुणी मनुष्यबळ विभागात जातं, कुणी प्रशिक्षण देतं, कुणी पत्रकारांना तोंड देतं. कुणी कंपनीत बसून कामगारांसाठी लिहितं. आणि ज्यांना काहीच जमत नाही ते माझ्यासारखे शिकवायला राहतात." सगळा वर्ग हसला होता. चिमीने घरी येऊन हे सगळं दादाला जसंच्या तसं ऐकवलं, सरांच्या आवाजासकट.

दादा तिचा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा त्याने शाळा सोडली आणि बाटल्यांच्या कारखान्यात काचेच्या भट्टीवर उभा राहिला. म्हणून चिमीची शाळा सुटली नाही. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. कामावरून यायचा, तापलेल्या तोंडाने उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायचा आणि विचारायचा, "आज काय शिकवलं?"

त्याच्या शेजारी भट्टीवर त्याचा जिवाभावाचा मित्र उभा असायचा. अंगाने नुसती काडी, म्हणून सगळे त्याला जाड्या म्हणत. भट्टीच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, त्यामुळे दोघांचं निम्मं बोलणं भुवयांनी आणि कोपराने चाले. सुट्टीच्या दिवशी जाड्या घरी यायचा तेव्हाही दोघं फारसं बोलायचे नाहीत. एक पेपर वाचायचा, दुसरा त्याच्या उरलेल्या पानाची वाट बघायचा. आई म्हणायची, "यांना शिकव गं तुझा विषय."

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी चिमीने ही भट्टीच निवडली. परवानगी काढून ती कँटीनमध्ये बसली, एकेकाशी बोलली. फलकावरची नोटीस तिथे कुणी वाचत नव्हतं. बातमी यायची ती माणसाकडून, आणि ती खरी की खोटी हेही माणसावरच ठरायचं. भट्टीपुरता तो माणूस म्हणजे दादा. तो "खरं आहे" म्हणाला की खरं. चिमीने तसं लिहिलं. ते वाचून कारखान्याच्या संवाद विभागाच्या प्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि परीक्षा संपताच नोकरी दिली. त्या दिवशी जाड्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. "चला, आता नोटिसा वाचण्यासारख्या तरी निघतील."

आणि तशा निघू लागल्या. चिमी साधं लिहायची. हातमोजे का घालायचे, पाळ्या का बदलल्या, कुणाच्या मुलीने कशात नाव काढलं. माणसं फलकापाशी थांबू लागली. काही वर्षं तिला सकाळी उठून कामावर जायची घाई व्हायची.

मग एका दुपारी प्रमुख बाईंनी तिला खोलीत घेऊन दार लावलं. भट्टी म्हातारी झाली होती. आतल्या विटा झिजल्या होत्या, आणि ती नव्याने बांधायची नाही असं वर ठरलं होतं. बाटल्या बाहेरून आणायच्या आणि इथे फक्त त्या भरायचा विभाग चालू ठेवायचा. आगीसमोर काम करणाऱ्या सगळ्यांची नोकरी जाणार होती. ते जाहीर कसं करायचं ते चिमीने लिहायचं होतं.

"तुझा भाऊ तिथेच आहे ना," बाई म्हणाल्या. "म्हणून तुला वेगळं सांगते. हे या खोलीबाहेर जायचं नाही."

"बाई, आम्हाला शिकवलं होतं की अशी गोष्ट लवकर सांगावी. माणसांना सावरायला वेळ मिळतो."

"बरोबरच शिकवलंय. पण आज सांगितलं तर चांगले कारागीर उद्या दुसरीकडे जातील. हातातल्या ऑर्डरी कोण पुऱ्या करणार?"

बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी चिमीच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला.

चिमीने ते थोडे दिवस पोटात ठेवलं. शेवटी सुट्टीच्या सकाळी दादा दारात सायकल उलटी करून बसला होता, तेव्हा तिने त्याच्या शेजारी बसून सांगून टाकलं.

दादाचा हात चाकावरच राहिला. "नक्की?"

"मीच लिहितेय ते."

बराच वेळ त्याने चाक फिरवलं. मग म्हणाला, "जाड्याला सांगू?"

"नको. त्याच्या पोटात काही राहत नाही. सगळ्या भट्टीला कळेल, आणि कळलं कुठून हे शोधायला कुणाला वेळ लागणार नाही."

"मग मला कशाला सांगितलंस?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"तू तुझं बघून ठेवावंस म्हणून."

"मी एकट्याने?"

चिमीने मान खाली घातली, आणि ते बघून दादाचाच जीव विरघळला. "बरं," तो म्हणाला. "नाही सांगत कुणाला. तुझी नोकरी जायला नको."

त्याने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. स्वतःसाठीही काही शोधलं नाही. आपण शोधायला लागलो की बाकीच्यांना संशय येईल, एवढंच म्हणाला. पण घरात तो हळूहळू गप्प होत गेला. सुट्टीच्या दिवशी जाड्या आला की दादाला बाहेर काहीतरी काम निघायचं. जाड्या आईपाशी बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, "याला झालंय काय?"

आणि त्याच दिवसांत जाड्याच्या मेहुण्याने निरोप पाठवला. दूरच्या गावात अशाच एका कारखान्यात जाणता माणूस हवा होता. लगेच ये, नाहीतर दुसऱ्याला घेतील. जाड्याची बायको जाऊ या म्हणत होती, त्याचा स्वतःचा पाय निघत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्याने दादाला विचारलं, "काय करू रे? जाऊ का थांबू?"

दादाने घरी येऊन हे चिमीला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मग तू काय म्हणालास?"

"थांब रे, बघू, असं म्हणालो."

"असं का म्हणालास?"

"निघून गेलं तोंडातून. जा म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं त्याने. मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, चिमे. कधी वेळच आली नाही."

उद्या सकाळी जाऊन सांग त्याला, होईल ते होईल, एवढंच तिने म्हणायचं होतं. ते शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. आतून आईने जेवायला हाक मारली आणि दोघं उठून पाटावर जाऊन बसली. जाड्याने मेहुण्याला येत नाही असं कळवलं.

जाहीर झालं ते कारखान्याच्या पटांगणात. व्यवस्थापकांनी चिमीचा मजकूर वाचला. त्यात एकही अवघड शब्द नव्हता. मागच्या रांगेतल्या अगदी नव्या माणसालाही पहिल्याच वाक्यात सगळं समजलं. चिमी ध्वनिक्षेपकाच्या बाजूला उभी होती. सगळे वर बघत होते, कुणी तोंड उघडं टाकून, कुणी हसल्यासारखं करून. फक्त दादा जमिनीकडे बघत होता. जाड्याने आधी चिमीकडे पाहिलं. मग दादाकडे वळला आणि वळलेलाच राहिला.

"तुला माहीत होतं?"

आजूबाजूची माणसं थांबली. दादाला "नाही" म्हणता आलं असतं. त्याच्या शब्दावर तिथे कुणी शंका घेतली नसती.

"हो," दादा म्हणाला.

भट्टी विझेपर्यंत तो रोज कामावर गेला. त्याच्याशी कुणी बोललं नाही. कुणी भांडलंही नाही. तो कँटीनच्या बाकावर येऊन बसला की बाक रिकामा व्हायचा. तरी तो डबा उघडायचा आणि सावकाश खायचा. चिमीला तिच्या खिडकीतून ते दिसायचं. तिने खिडकीकडे पाठ करून टेबल लावून घेतलं.

मेहुण्याकडची जागा केव्हाच भरली होती. जाड्या एका गोदामात पोती उचलू लागला. चिमी एकदा त्याच्या घरी गेली. त्याने तिला खुर्ची दिली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. तिने सगळं सांगितलं. दादाने माझ्यासाठी गप्प राहायचं कबूल केलं होतं, चूक माझी आहे, त्याला बोल लावू नका.

"ते मला कळलं होतं गं," जाड्या म्हणाला. "बहिणीची नोकरी जाईल म्हणून गप्प राहिला, तर मीही राहिलो असतो. मला विचारू नकोस, एवढंच म्हणाला असता तरी मी समजलो असतो. तो थांब म्हणाला. मी बायकोला सांगितलं, दादा म्हणतोय थांब, म्हणजे काहीतरी असेल."

त्याची बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पाणी तिने पुढे केलं नाही.

चिमीने ती नोकरी सोडली. आता ती एका मोठ्या इस्पितळात असते. रुग्णाच्या नातेवाइकांशी कसं बोलावं हे तरुण डॉक्टरांना शिकवते. जे माहीत आहे ते सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि सांगता येत नसेल तर सांगता येत नाही असं म्हणा. विद्यापीठातले सर अधूनमधून तिला वर्गाशी बोलायला बोलावतात. या विषयाचं पुढे काय होतं, असं मुली विचारतात. ती सगळ्या वाटा नीट समजावून देते, आपली सोडून.

दादा एका शाळेच्या फाटकावर बसतो. मुलं त्याच्याशी बोलतात, तो मान हलवतो. चिमीला त्याने कधी बोल लावला नाही. तसं केलं असतं तर तिला हलकं वाटलं असतं.

परवा ती त्याला चपला घ्यायला बाजारात घेऊन गेली होती. समोरून जाड्या आला. केस पिकलेले, हातात पिशवी. दोघांच्या नजरा भिडल्या असाव्यात, कारण जाड्या एकदम एका भांड्यांच्या दुकानाकडे वळला आणि कधी न पाहिल्यासारखी भांडी बघत उभा राहिला. ही दोघं पुढे गेल्यावर तो तिथून निघाला आणि गर्दीत मिसळला.

दादा वळून त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

"पाय ओढत चालतोय," तो म्हणाला. "डावा. पोती उचलून उचलून झालं असणार."

चिमीने त्याचा दंड धरला. बराच वेळ त्याने तो सोडवून घेतला नाही.