पाणी घालायच्या आधीची डाळ

"अंडी खात नाहीत म्हणे. मग जखम भरणार कशी?" राउंडवर सर्जन माझ्याकडे वळून म्हणाले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुर्भ्याजवळच्या एका हॉस्पिटलात मी डाएटिशियन होते. बेडवरचे दत्ताराम कोपरखैरणे गावचे, कारखान्यात ऑपरेटर. वाफेचा पाइप फुटून त्यांचा उजवा हात भाजला होता. आता ग्राफ्ट, म्हणजे अंगावरचीच दुसरीकडची कातडी तिथे लावायची होती. त्याआधी जखम लालसर व्हायला हवी. ती फिकटच राहिली होती. भाजलेल्या जखमेतून प्रोटीन वाहून जातं. ते अन्नातून परत मिळालं नाही, तर शरीर नवं मांस बांधणार कशातून?

"लहानपणापासून मासळी खाल्लीत ना? आता औषध म्हणून खा," सर्जन त्यांना म्हणाले.

"माळ घातली हाय, साहेब. हात गेला तरी चालंल. माळ नाय काढनार."

सर्जननी मला बाजूला घेतलं. "दोन आठवडे देतो. त्यापुढे थांबलो तर बोटं कायमची आखडतील."

दत्तारामांची बायको, यमुनाबाई, घरून डबा आणायची. मी तो उघडून बघितला. भात आणि वरण. वरणातून वाटीचा तळ दिसत होता.

"पेशंटला हलकं बरं ना, बाय?" ती म्हणाली.

आमच्या किचनची डाळही तशीच, शिजल्यावर पाणी घालून वाढवलेली. मी आचाऱ्याला गाठलं.

"एका पेशंटसाठी वेगळी डाळ कुठून करू, मॅडम?"

"वेगळी नको. पाणी घालायच्या आधी दोन वाट्या काढून ठेवा."

घट्ट डाळ आणि भात, मटकीची उसळ, दह्यात कालवलेली दूध पावडर, दुपारी शेंगदाण्याचा लाडू. तिसऱ्या दिवशी दत्तारामांचं पोट फुगलं. यमुनाबाई म्हणाली, बंद करा. मी उसळ निम्मी केली, मटकीऐवजी मूग दिले आणि दर दोन तासांनी थोडं थोडं सुरू केलं.

"औषधच हाय ना? आन इकडं," दत्ताराम म्हणाले. डाव्या हाताने, भूक नसताना, ते वाटी संपवायचे. रोज.

दोन आठवड्यांनी सर्जननी ड्रेसिंग उघडलं. जखम लाल होती. ते सिस्टरला एवढंच म्हणाले, "सोमवारी ऑपरेशन लावा."

ग्राफ्ट धरला. एक कोपरा सुटला, तो पुन्हा लावावा लागला. करंगळी थोडी वाकडीच राहिली. पण दत्ताराम कामावर परत गेले.

पेशंट काय खात नाही, हे केसपेपरवर लिहिलेलं असतं. तो काय खातो, ते आपण जाऊन बघावं लागतं.